पृथ्वीची सूक्ष्म स्पंदने आणि नोंदवहीचे मोल

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखविते, हे वाक्य प्राथमिक शाळेतच आपल्या तोंडी बसते. आणि त्यामुळे ती सुई एकदा थांबली म्हणजे जेथल्या तेथे निश्चल राहते, असा बहुतेकांचा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह बरोबर नाही. ज्याच्या आज्ञेने ती सुई वळते, ते पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्वतःच अहोरात्र किंचित कमी-अधिक होत असते. या क्षेत्राचे बळ आपल्या प्रांती चाळीस हजार नॅनोटेस्लांहून काहीसे अधिक भरते; आणि ज्या थरथरीविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे, ती आपल्याकडे बहुधा एका नॅनोटेस्लाच्या आगेमागे असते. चाळीस हजार रुपयांच्या हिशेबात एका रुपयाचा फरक पडावा, तसे हे आहे. ही थरथर कधी सेकंदा-दोन सेकंदांत एक हेलकावा पुरा करते, कधी त्यास अर्धे मिनिट लागते, तर कधी दहा मिनिटेही लागतात. शास्त्रज्ञांनी हिला भूचुंबकीय सूक्ष्मस्पंदने असे नाव दिले आहे.

एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा विचार शाळेच्या वार्षिक अंकात कशास, असा प्रश्न आमच्या सुज्ञ पालकवर्गापैकी कोणी केल्यास तो अयोग्य म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन ठेवितो. जी गोष्ट फार लहान आहे ती ओळखण्यास दोन साधने लागतात: एक, खंड न पडलेली नोंद, आणि दुसरे, गलबल्यापासून राखलेले शांत स्थळ. ही दोन्ही साधने पैसा टाकून एका दिवसात विकत मिळत नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्या जपावी लागतात, आणि एका पिढीच्या आळसाने ती कायमची नाहीशी होऊ शकतात. आपल्या मावळातील मुलांस ती जपण्याची सवय लावणे हे आजच्या शाळेचे कर्तव्य होय, असे आमचे मत आहे. आणि ते का, हे सांगण्यास या स्पंदनांच्या कथेइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम त्यांचा उगम पाहू. सूर्यापासून केवळ प्रकाश व उष्णताच येते असे नाही. विद्युद्भारित कणांचा एक अखंड प्रवाहही त्यापासून सर्व दिशांस वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः दर सेकंदास ४०० किलोमीटरांच्या आसपास असतो, म्हणून सूर्याकडून निघाल्यावर आपणांपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे चार दिवस लागतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याच्या मार्गात आडवे उभे आहे. आषाढात आपला एखादा ओढा दुथडी भरून वाहू लागला आणि त्याच्या मध्यभागी मोठा धोंडा असला, म्हणजे काय घडते ते आंदर मावळातील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. धोंड्याच्या तोंडाशी पाणी उसळते. त्याच्या दोन्ही अंगांनी लाटा उठतात. आणि त्याच्या मागे भोवऱ्यांची लांब शेपटी पसरते. पृथ्वीभोवती नेमके हेच तीन प्रकार घडतात.

तोंडाशी, म्हणजे सूर्याकडील बाजूस, सौरवाताचे काही कण आपटून मागे फिरतात व पुढून येणाऱ्या प्रवाहास भिडतात. या भिडण्यातून लाटा उत्पन्न होतात, आणि त्यांपासून दिवसा आढळणारी, दहा ते पंचेचाळीस सेकंदांत एक हेलकावा घेणारी स्पंदने उद्भवतात. दोन्ही अंगांस, जेथे वारा घसटून जातो तेथे, तळ्यावरून वारा गेल्याने पाण्यावर तरंग उठावेत तशा लाटा उठतात. त्यांपासून अडीच ते दहा मिनिटांची संथ स्पंदने होतात. मागल्या शेपटीत शक्ती साचत जाते आणि मग एकाएकी मोकळी होते. त्या धक्क्याने रात्रीच्या वेळी चाळीस ते दीडशे सेकंदांचे काही हेलकावे येतात व थोड्याच मिनिटांत विरून जातात. याखेरीज पृथ्वीच्या क्षेत्रात अडकून पडलेले कण चुंबकरेषांभोवती मळसूत्रासारखे फिरत असतात; त्यांची चाल असमतोल झाली म्हणजे सेकंदा-दोन सेकंदांची अतिशय जलद स्पंदने जन्मास येतात. स्पंदनाच्या कालावरून त्याचे कूळ बहुधा ओळखता येते.

आता त्यांचा प्रवास. जमिनीपासून हजारो किलोमीटर उंच उठलेली लाट आपणांपर्यंत कशी येते? हवेतील आवाजाप्रमाणे येत असेल म्हणावे, तर तेथे हवा जवळजवळ नाहीच. या प्रश्नाची गुरुकिल्ली स्वीडनचे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९४२ साली दिली. विद्युत वाहून नेणाऱ्या विरळ वायूत चुंबकरेषा या ताणलेल्या तारांप्रमाणे वागतात, आणि एका जागी छेडल्या असता त्यांवरून लाट धावत जाते, असे त्यांनी गणिताने दाखविले. प्रारंभी या विचारास फारसे कोणी मानले नाही. पुढे १९७० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी असे सुचविले की, जमिनीवर दिसणारी कित्येक स्पंदने म्हणजे उत्तर व दक्षिण टोकांस बांधलेल्या या तारांचे गुंजनच होय.

भजनी मंडळीतील एकतारी ज्याने हाती घेतली आहे, त्यास हे समजावयास कठीण नाही. तार लांब असली तर सूर खाली येतो. ताण वाढविला तर चढतो. तार जाड व जड असली तर मंद होतो. चुंबकरेषांचेही तसेच आहे. ध्रुवांकडील प्रदेशातून निघणाऱ्या रेषा अंतराळात फार दूरवर कमान घेऊन जातात, म्हणून त्यांचे हेलकावे मिनिटांचे असतात. त्यांहून खालच्या अक्षांशांवरील रेषा आखूड, म्हणून त्यांचे हेलकावे सेकंदांचे. तेथील वायू दाट झाला म्हणजे तार जड झाल्याप्रमाणे सूर उतरतो. यामुळे जमिनीवर बसून स्पंदनाचा काल मोजणारा मनुष्य अंतराळातील वायू किती दाट आहे याचा अदमास घेऊ शकतो.

आपल्या भागाचे यात एक वैशिष्ट्य आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि आपण त्याच्या फारसे उत्तरेस नाही. त्यामुळे आपल्या भूमीतून निघणाऱ्या चुंबकरेषा जेमतेम दोनशे किलोमीटरांच्या आसपास उंची गाठून पुन्हा जमिनीकडे वळतात. ही तार इतकी आखूड, आणि वातावरणाच्या वरच्या दाट थरांत इतकी बुडालेली, की ती स्वतः होऊन वाजत नाही. मग आपणांस जे ऐकू येते ते कोठले? ते दुसरीकडचे. काही लाटा रेषांच्या आडव्या दिशेने, थरांमागून थर दाबीत, वरून खाली उतरतात. काही ध्रुवप्रदेशी खाली येऊन, जमीन व वातावरणाचा विद्युद्वाहक थर यांच्या मधल्या पोकळीतून, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आपणांकडे धावत येतात. शेजारच्या गावी चाललेल्या कीर्तनाचा नाद डोंगरापलीकडे यावा, तसा हा नाद आपल्या खोऱ्यात पोहोचतो. तो क्षीण असणारच. म्हणूनच तो ऐकणाऱ्यास आपल्याच अंगणात शांतता हवी.

ही शांतता राखण्याचा आपल्या महाराष्ट्रातील इतिहास मोठा बोधप्रद आहे. मुंबईस कुलाब्याच्या टोकावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापिली. तेथे १८४१ पासून प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. पुढे पुण्यास गणिताचे विख्यात अध्यापक म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करीत असत. त्या काळी हे वेध मनुष्याच्या डोळ्यांनी घ्यावे लागत. ठरल्या वेळी उपकरणापाशी जावे, दिव्याच्या उजेडात आकडा वाचावा, वहीत लिहावा. मध्यरात्र असो, मुसळधार पाऊस असो, की सणाचा दिवस असो. हे काम करणाऱ्या बहुतेक सहायकांची नावे आज कोणाच्या मुखी नाहीत.

सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला आणि सुमारे साडेसतरा तासांत त्याचा आघात पृथ्वीवर येऊन आदळला. इतिहासात नोंदलेले हे सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक होय. इंग्लंडातील क्यू येथील वेधशाळेत छायाचित्रण पद्धतीने नोंद होत असे. तेथील रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. कुलाब्याच्या सहायकांनी मात्र आकडे लिहिणे थांबविले नाही. पुढे क्यू येथील नोंदी न्याहाळीत असता बॅल्फर स्ट्यूअर्ट यांस मोठ्या चढउतारावर चढलेली बारीक, जलद थरथर आढळली, आणि १८६१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. सूक्ष्मस्पंदनांचा शास्त्रीय इतिहास बहुधा तेथूनच मोजतात. इकडे कुलाब्याच्या वह्या कपाटात पडून राहिल्या. १४४ वर्षे लोटल्यावर, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्यांतील आकडे पुढे मांडले, तेव्हा जगास कळले की त्या दिवशी मुंबईस पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला होता. ज्याने तो आकडा लिहिला त्यास सौरवात ठाऊक नव्हता, आल्फवेनच्या लाटा ठाऊक नव्हत्या; आपल्या लिहिण्याचा उपयोग काय, हेही त्यास सांगता आले नसते. त्याने वेळ चुकविली नाही, एवढेच. आमच्या मते तेवढेच पुरेसे झाले.

त्यानंतर परीक्षेचा दुसरा प्रसंग आला. मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो, आणि जमिनीत हिंडणारा तो प्रवाह आसपासची सर्व सूक्ष्म मापे बिघडवून टाकतो. या वेळी वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. ट्राम थांबवा असा हट्ट कोणी धरला नाही, आणि वेध बंद करा असेही कोणी म्हटले नाही. मुंबईच्या दक्षिणेस समुद्रकाठी अलिबाग येथे नवे स्थळ निवडण्यात आले. तेथील इमारतीस चुंबकाचा गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड कटाक्षाने टाळले. १९०४ पासून अलिबागेस वेध सुरू झाले. आणि तरीही कुलाब्याचे उपकरण तत्काळ बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, अशासाठी की जुन्या वहीस नवी वही निर्दोष सांधता यावी. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, तेव्हा नोंद सुरक्षित स्थळी पोहोचून चुकली होती. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या वेधांची चर्चा मूस यांनी १९१० साली दोन जाड खंडांत प्रसिद्ध केली. पुढे १९७१ साली या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली, व तिचे मुख्य ठाणे आज नवीन पनवेल येथे आहे.

सुधारणा आणि शांतता यांचा तंटा कसा मिटवावा, याचा हा कित्ता होय असे आम्ही समजतो. ट्राम लोकांस हवी होती, ती आली. नोंद विद्येस हवी होती, ती टिकली. मात्र त्यासाठी कोणीतरी आगाऊ विचार केला, खर्च सोसला, आणि दोन वर्षे दुहेरी श्रम केले.

आपल्या आंदर मावळाने या विजेच्या कथेत मोठा वाटा उचललेला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. आंद्रेच्या खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण बांधून अडविलेले पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली भिवपुरीस सोडून १९२२ पासून मुंबईसाठी वीज उत्पन्न होऊ लागली. १९३० च्या सुमारास कामशेत, कान्हे या आपल्या स्टेशनांवरून विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि त्याही तेव्हा ट्रामप्रमाणेच एकदिश प्रवाहावर. आता टाकव्याकडे कारखाने उभे राहिले आहेत, वाडीवाडीस तारा पोहोचल्या आहेत. यात वाईट काही नाही. ज्या खोऱ्याने आपली जमीन पाण्याखाली घालून दुसऱ्यांचे दिवे लावले, त्याच्या घरी दिवा नसावा असे कोण म्हणेल? परंतु खांडी-कुसुराच्या बाजूस, घाटमाथ्यालगत, अद्याप असे कोपरे आहेत की जेथे रात्री खरोखर अंधार असतो आणि खरोखर शांतता असते. ही शांतता ओसाडपणाची खूण आहे, असे समजून तिची लाज बाळगण्याची आपणांस सवय लागली आहे. आमचे म्हणणे असे की, ती एक संपत्ती आहे. ती उधळावयाची झाल्यास, मूस यांच्या काळी केला तसा, आधी हिशेब करून उधळावी.

यावर एक आक्षेप सहज येईल. आता स्वयंचलित उपकरणे आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडविलेले आपले ‘आदित्य-एल १’ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर राहून सौरवाताचे व त्यातील चुंबकीय क्षेत्राचे माप घेऊ लागले आहे. मग मावळातल्या पोराने वही घेऊन बसण्यात काय हशील? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. यान वाऱ्याची वार्ता देते. तो वारा आपल्या जमिनीवर काय करतो हे जमिनीवरच मोजावे लागते. शिवाय ही स्पंदने जमिनीत शिरतात, आणि जितके संथ तितके खोल जातात. त्यांनी भूगर्भात उठविलेले प्रवाह मोजून काळ्या पाषाणाखाली काय आहे याचा शोध घेता येतो. १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयनेच्या भागात ही पद्धत वापरली गेली आहे. परंतु आमचा मुख्य मुद्दा निराळा आहे. उपकरण स्वयंचलित झाले तरी त्याची काळजी घेणारा, खोटा आकडा खऱ्यापासून निवडणारा मनुष्य स्वयंचलित होत नाही. तो लहानपणीच घडवावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी मोठी सामग्री लागत नाही. काचेची एक रुंद तोंडाची बरणी घ्या. तीत पीळ नसलेल्या बारीक रेशमी धाग्याने एक लहान चुंबकपट्टी आडवी टांगा, व तिच्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवा. बरणीचे तोंड झाका, म्हणजे वारा लागणार नाही. आरशावर प्रकाशाची बारीक तिरीप पाडून तिचा कवडसा पाच मीटर दूरच्या भिंतीवर घ्या, आणि तेथे मोजपट्टी लावा. चुंबक एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, फिरला तर कवडसा सुमारे तीन मिलिमीटर सरकतो. आपल्याकडे सुईचा रोजचा झोका काही कलांचा असतो. तो नीट काळजी घेतल्यास तुम्हांस दिसेल, आणि चुंबकीय वादळाच्या दिवशी त्याची चाल बिघडलेलीही दिसेल. सूक्ष्मस्पंदने मात्र दिसणार नाहीत, हे आम्ही स्पष्ट सांगतो; एका नॅनोटेस्लाने कवडसा पाव मिलिमीटरच हलावयाचा, आणि तेवढा तर एखाद्याच्या चालण्यानेही हलेल. पण हेच शिकावयाचे आहे. लोखंडी खाट, कोयता, दाराशी आणून लावलेली मोटारसायकल, खिशातला मोबाइल, यांपैकी कशाने आकडा बिघडला हे शोधता शोधता तुम्हांस कळेल की, निसर्गाचा आवाज ऐकण्यापूर्वी स्वतःचा गोंगाट ओळखावा लागतो. एका वर्गाने वही सुरू करावी, वर जाताना ती खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. आणि बरणी हलवावी लागली तर आधी काही दिवस दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवून मगच हलवावी. चुकलेल्या वेळेचा रकाना कोरा सोडावा. तो अंदाजाने भरणे ही लबाडी होय, आणि अशा एका आकड्याने शंभर खरे आकडे संशयास पात्र होतात.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने वही दाखविली म्हणजे ‘याने मार्क किती मिळणार?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. व्यवहारी उपयोगच पाहावयाचा झाला तर तोही आहे: १३ मार्च १९८९ रोजी एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारे साठ लक्ष लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. ज्या तारांवर आज आपले घर, दवाखाना व शेतीचा पंप चालतो, त्यांची राखण करणाऱ्यांस असल्या नोंदी लागतात. तथापि कुलाब्याच्या त्या अनामिक सहायकाने उपयोग विचारून लिहिले नव्हते. त्याने आपल्या वाट्याची वेळ पाळली, आणि तिचे फळ जे घेणार होते ते अद्याप जन्मासही आले नव्हते. असा मनुष्य प्रत्येक गावात एक जरी निघाला, तरी त्या गावच्या शाळेचे सार्थक झाले असे आम्ही मानू. येत्या जूनपासून आंदर मावळातील कोणत्या वर्गाची वही प्रथम सुरू होते, ते पाहण्यास आम्ही उत्सुक आहो.